पिवळ्या कण्हेरीचे विष

एका राज्यात काटा नव्हता. बाभळीला नव्हता, बोरीला नव्हता. करवंदीच्या जाळीत कोपरापर्यंत हात घातला तरी हात जसाच्या तसा बाहेर येई. त्या राज्यात विषही नव्हते. धोत्र्याचे बोंड काकडीसारखे खावे, रुईचा चीक दुधासारखा प्यावा, आणि खाजकुइलीच्या शेंगा पोरींनी खुशाल गळ्यात घालाव्यात. पाच वर्षे असे चालले होते. पण पाचव्या वर्षी त्या राज्यातली माणसे आपसांत बोलताना आवाज खाली आणू लागली, कारण आता त्या राज्यात फूलही नव्हते.

हे सारे घडले ते सोनकीच्या मागण्यावरून.

सोनकी राजबागेची माळीण. तिचा मुलगा भानू चार वर्षांचा होता. एके सकाळी ती वाफ्यांना पाणी देत होती आणि भानू तिच्या पाठीमागे पिवळ्या कण्हेरीखाली खेळत होता. कण्हेरीची कठीण बी त्याने दगडाने फोडली आणि आतला गर खाल्ला. दुपार व्हायच्या आत भानू गेला. तेराव्याचा विधी झाला तशी सोनकी दरबारात आली आणि सुकेतू राजाला म्हणाली, "महाराज, या राज्यातल्या कुठल्याच झाडात लेकरू मारायची ताकद राहू नये."

राजाने भानूला कितीदा खांद्यावर घेऊन बाग हिंडवली होती. त्याने मागचापुढचा विचार केला नाही. काजळडोंगरावरच्या धूम्रनाथ मांत्रिकाला बोलावणे गेले. धूम्रनाथ तीन दिवस राज्यभर फिरला, झाडाझाडाला हात लावत गेला, आणि प्रत्येकाचा काटा, विष, खाज, कडूपणा ओढून घेऊन कुणाचा निरोप न घेता डोंगरावर परतला.

पहिल्या वर्षी लोकांनी सोनकीच्या दारावर तोरण बांधले. दुसऱ्या वर्षी शेळ्यांनी बाभळी बुंध्यापर्यंत सोलल्या. तिसऱ्या वर्षी अळ्या आल्या. ज्या झाडांना आजवर अळी शिवत नसे, त्यांच्यावर त्या इतक्या चढल्या की दुपारच्या शांततेत त्यांच्या कुरतडण्याचा आवाज घरात बसून ऐकू येई. चौथ्या वर्षी राजवाड्यासमोरचा वड, जो आजवर एक शब्द बोलला नव्हता, तो भर दरबाराच्या वेळी बोलला.

"राजा, आमची हत्यारं तू काढून घेतलीस. आता आम्ही कुणाच्या भरवशावर लेकरं जन्माला घालावीत? आजपासून या राज्यात फूल उमलणार नाही. काढलेलं सारं, शेवटच्या थेंबासकट, ज्याचं त्याला परत मिळेल तेव्हाच उमलेल. पुढच्या वर्षीच्या चैत्री पौर्णिमेला चंद्र उगवेतो आम्ही वाट पाहू. मग मुळंही मिटून घेऊ."

त्या दिवसापासून कळ्या धरत आणि तशाच वाळून गळत. जोंधळ्याला कणसे आली ती पोचट. राजाने काजळडोंगरावर तीनदा शिपाई धाडले. गुहेच्या तोंडावरची शिळा हलली नाही. तिसऱ्या वेळी आतून एवढेच ऐकू आले: "जिनं मागितलं, तिलाच दार उघडेल."

सोनकीने हे ऐकले होते. ऐकून ती घरी गेली आणि गप्प राहिली.

कारण घरात राही होती. भानूच्या पाठीवर झालेली ही मुलगी तीन वर्षांची होती आणि जे दिसेल ते तोंडात घालीत असे. माती, मुंगळा, पान, मोटेच्या दोराचा तुकडा, काहीही. सोनकी तिच्याकडे पाही आणि मनाशी म्हणे, आज विष नाही म्हणून ही जिवंत आहे. शेजारणी रिकामी सुपे घेऊन येत, दारात उभ्या राहत, काही न बोलता निघून जात. सोनकी खाली मान घालून काम करीत राही. असे दहा महिने गेले.

एके दिवशी राजा स्वतः बागेत आला. बागेत बघण्यासारखे काही उरले नव्हते. पिवळ्या कण्हेरीचा हातभर खुंट तेवढा उभा होता आणि त्यावरही अळ्या होत्या.

"सोनकी," राजा म्हणाला, "मागितलंस तू आणि दिलं मी. दोष दोघांचा आहे. पण जाणं तुझ्या एकटीच्या हाती आहे. मी आज्ञा करणार नाही. अकरा दिवस उरले आहेत."

सोनकीने खुंटावरची एक अळी वेचून टाकली. मग म्हणाली, "महाराज, माझी राही लहान आहे."

"राज्यात राहीएवढ्या बाराशे मुली आहेत. कोठारातलं धान्य आषाढ पाहणार नाही."

सोनकी घरी गेली. तिने राहीला नवऱ्याच्या, गुणाजीच्या, हवाली केले. "तिच्यावरची नजर हटवू नका," असे त्याला चारदा बजावले, आणि वाट धरली.

दोन दिवस चालून ती काजळडोंगरावर पोहोचली. तिने शिळेला हात लावताच शिळा सरकली. आत धूम्रनाथ बसला होता. त्याच्या अंगातून काटे बाहेर आले होते. बाभळीचे लांब, बोरीचे वाकडे, निवडुंगाचे सुईसारखे. ओठ निळे पडले होते. गेली पाच वर्षे तो आडवा झाला नव्हता.

"उशीर केलास," तो म्हणाला. "काढलेलं कुठेतरी ठेवावं लागतं. मी अंगात ठेवलं. मी मेलो तर ते सारं माझ्याबरोबर जाईल, आणि मला फार दिवस नाहीत."

"मग द्या, आत्ताच घेऊन जाते."

"असं देता येत नाही. ज्याला झाड कसं वाढतं ते कळलं नाही, कसं फळतं ते कळलं नाही, त्याच्या हाती त्याची राखण द्यायची नसते. ती चूक मी एकदा केली. तीन कामं आहेत. पहिलं हे." त्याने तिच्या तळहातावर बाभळीची एक बी ठेवली. "ही उगवून दाखव."

सोनकी माळीण होती. तिला वाटले, हे तर रोजचे काम. तिने बी मातीत घातली, पाणी शिंपडले. दिवस गेला, बी दगडासारखीच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने बी उकरून कानाशी धरली. आत कोणीतरी हळू आवाजात म्हणत होते, "बाहेर खातात. बाहेर खातात."

आठच दिवस उरले होते आणि बी भ्यालेली होती. पण बाभळीची बी सुखासुखी उगवत नाही, तिला थोडे सोसावे लागते, हे तिला बापाने शिकवले होते. तिने बी खरबरीत दगडावर घासली, वरची चकाकी जाईपर्यंत. मग कोमट पाण्यात घातली. बी फुगली. गुहेच्या छताला एक चीर होती, तिच्यातून बोटभर ऊन खाली येई. त्या उन्हाच्या कडेला सोनकीने माती केली, बी ठेवली आणि दोन्ही हातांची ओंजळ उलटी करून तिच्यावर धरली. हात भरून आले तरी काढले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी माती हलली. घाईत बी उलटी पडली होती, तिचे मूळ वर निघाले होते. पण सोनकीच्या डोळ्यांदेखत ते वळले आणि खाली मातीत शिरले. मागोमाग कोंब आला आणि छताच्या चिरेकडे मान करून उभा राहिला.

"याला वाट कुणी दाखवली?" धूम्रनाथाने विचारले.

"कुणी नाही. मूळ मातीकडे जातं, कोंब उजेडाकडे. आपण फक्त वेळ द्यायचा."

"एक झालं. आता उंबराचं फूल फळवून ये."

उंबराचे फूल कुणी पाहिले आहे? वर्षानुवर्षे भेट न देणाऱ्या माणसाला लोक उंबराचे फूल म्हणतात ते उगीच नाही. पाच दिवस उरले होते. ती गुहेबाहेर आली आणि डोंगरउतारावर वेड्यासारखी झाड शोधत फिरू लागली. इतक्यात डोक्यावर कुणी मोठ्या सुपाने पाखडावे तसा पंखांचा आवाज झाला आणि एक धनेश पक्षी समोरच्या फांदीवर उतरला. त्याची चोच विळ्यासारखी होती, आणि तो फार थकलेला दिसत होता.

"बाई, काय शोधतेस?"

"उंबराचं फूल."

"चल. या डोंगरात फळलेलं एकच उंबर उरलं आहे. त्याच्या ढोलीत माझी मादी आहे. अंडी घालायची वेळ आली तेव्हापासून तिनं स्वतःला आत लिंपून घेतलं आहे, चोचीपुरती फट ठेवून. दोन पिल्लं आहेत. मी फळं नेतो तेव्हा ती तिघं जगतात. फळं संपत आली आहेत."

उंबर ओढ्याच्या काठी होते. धनेशाने एक पिकले फळ तोडून तिच्या हातावर ठेवले. "फूल आत आहे," तो म्हणाला. "म्हणून वडाचा शाप त्याला लागला नाही. शाप उमलण्याला होता, आणि हे कधी बाहेर उमलतच नाही."

सोनकीने फळ फोडले. आत शेकडो बारीक फुले एकमेकांना चिकटून बसली होती, आणि त्यांच्यामधून कणीएवढ्या माश्या पिवळा पराग अंगाला माखून बाहेर पडत होत्या. त्या उडाल्या त्या थेट वरच्या फांद्यांवरच्या कोवळ्या, हिरव्या फळांकडे. प्रत्येक फळाच्या टोकाशी आत जायचे एक बारीक तोंड असते. आज ती सारी तोंडे मिटलेली होती. माश्या घिरट्या घालू लागल्या. त्यांचे आयुष्य एका दिवसाचे असते.

"दार उघड," सोनकी उंबराला म्हणाली.

"कोण राखील?" उंबराने विचारले.

"मी राखीन."

"तूच आमची राखण काढून घेतलीस."

ते खरे होते. तिने पदर खोचला. उंबराच्या खोडावर अळ्यांची रांग चढत होती, ती एकेक करून वेचू लागली. वानरे आली, त्यांना तिने दगड मारून हाकलले. शेळ्या आल्या, त्यांच्यापुढे हात पसरून उभी राहिली. सालीने तिची नखे फाटली. पहिल्या दिवशीच्या माश्या मरून तिच्या खांद्यांवर पडल्या. दुसऱ्या दिवशीच्याही पडल्या. तिला सारखी राही आठवत होती. गुणाजी मोट हाकताना तिच्याकडे पाठ तर करीत नसेल, एवढे एकच मनात येई. तिसऱ्या दिवशी ऊन चढता चढता एक फळ टोकाशी सैल झाले. एक माशी त्यात शिरली. शिरताना तिचे पंख तुटून बाहेर राहिले आणि ती आत गेली ती परत येण्यासाठी नव्हे. मग दुसरे फळ उघडले, मग पाच, मग फांदीच्या फांदी.

ती गुहेत परतली तेव्हा धूम्रनाथाची मान कलली होती. दोन दिवस उरले होते.

"तिसरं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज ऐकायला तिला जवळ जावे लागले. "बाकीच्यांचं सारं मी वाऱ्यावर सोडतो. ते तुझ्याआधी पोहोचेल. पण पिवळ्या कण्हेरीचं वाऱ्यावर जात नाही. ते तू न्यायचं. भांड्यात ते टिकत नाही, तोंडात धरावं लागेल. गिळलंस तर तू जाशील. थुंकलंस तर राज्य जाईल. तोंड उघडायचं नाही, पाणी प्यायचं नाही, डोळा लागू द्यायचा नाही."

सोनकीने विचारले, "एवढं एक झाड वगळता येणार नाही?"

"वडाने शेवटचा थेंब म्हटलं आहे."

"माझा मुलगा त्या झाडानं नेला, नाथबाबा."

"ठाऊक आहे. त्याचं विष माझ्या अंगात सगळ्यांत जड आहे."

सोनकीने डोळे मिटले आणि तोंड उघडले. धूम्रनाथाने आपल्या करंगळीच्या टोकातून पांढऱ्या चिकाचे चार थेंब तिच्या जिभेवर सोडले. मग त्याने एक लांब श्वास बाहेर टाकला. तो श्वास गुहेतून वारा होऊन निघाला, आणि त्याच्या अंगावरचा एकेक काटा विरत गेला. शेवटचा काटा गेल्यावर धूम्रनाथ पाच वर्षांनी प्रथम आडवा झाला आणि झोपी गेला.

परतीची वाट तीच होती, पण सोनकीला ती ओळखू येईना. जीभ आधी पोळली, मग बधिर झाली. काळीज मध्येच ठोका चुकवी आणि ती छातीवर हात दाबून उभी राही, पुढचा ठोका पडेपर्यंत. चालता चालता डोळा लागू लागला की डोक्यावर धनेशाच्या पंखांचा आवाज होई आणि ती दचकून जागी होई. वारा तिच्यापुढे गेला होता. वाटेवरच्या उघड्या बाभळींवर काटे फुटत होते. एका शेळीने रुईला तोंड लावले आणि मान झटकत मागे सरली. सोनकीने ते पाहिले, आणि तिच्या मनात आनंद आला नाही. सारी विषे घरी पोहोचली होती. राहीसुद्धा घरीच होती.

पौर्णिमेचा दिवस कलता कलता ती राजबागेच्या दाराशी आली. विहिरीवर मोटेचा दोर अडकला होता आणि गुणाजी वाकून तो सोडवीत होता. आणि पलीकडे, कुंपणाशी, राही उकिडवी बसून धोत्र्यावर राहिलेल्या गेल्या वर्षीच्या वाळक्या बोंडाकडे हात नेत होती. कालपर्यंत ती अशी बोंडे खात आली होती.

सोनकीला हाक मारता येत नव्हती. घशात आवाज आला तसे विष जिभेच्या मागे सरकले आणि काळजाचे दोन ठोके एकदम चुकले. तिने तोंड दोन्ही हातांनी दाबले आणि ती धावली. वाफे तुडवत, पडत, उठत धावली. तिच्या पायांत बळ नव्हते आणि अंतर काही केल्या सरत नव्हते. राहीने बोंडाभोवती मूठ मिटली. तोंड उघडले.

आणि किंचाळली. बोंड तिच्या हातातून पडले. बोंडाला आता काटे होते. राहीच्या बोटावर रक्ताचा एक थेंब आला होता आणि ती, आयुष्यात पहिल्यांदा काटा टोचलेली, त्या थेंबाकडे नवलाने पाहत रडत होती.

सोनकी तिच्यापाशी कोसळली, तिची मूठ उघडून पाहिली, ओठांवरून बोट फिरवून पाहिले. ओठ कोरडे होते. राही म्हणाली, "आई, त्यानं मला चावलं." सोनकीने मान हलवली. "आई, बोल ना," राही म्हणाली. सोनकीला बोलता आले नाही. राहीची किंकाळी ऐकून गुणाजी धावत आला. तिने राहीला त्याच्या कडेवर दिले आणि ती कण्हेरीच्या खुंटाकडे गेली.

पाच वर्षे या झाडाला काय बोलायचे ते तिने ठरवून ठेवले होते. रोज त्यात एखादा शब्द वाढवला होता. आता ती त्याच्यासमोर उभी होती आणि तिचे तोंड मिटलेले होते. म्हणून झाडच बोलले.

"बाई," पिवळी कण्हेर म्हणाली, "मी ते विष तुझ्या लेकरासाठी केलं नव्हतं. माझ्या बीत माझं लेकरू झोपलं होतं. मला पाय नाहीत, त्याला उचलून पळता येत नाही. मी त्याच्या उशाशी तेवढंच ठेवू शकत होते."

सोनकी तशीच उभी राहिली. पूर्वेला आभाळ पिवळसर होऊ लागले होते; चंद्र वर यायला थोडाच अवकाश होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते हनुवटीवरून खुंटावर पडत होते. मग ती गुडघ्यांवर बसली. खुंटाला जिथे अळ्यांनी खोल घाव केला होता, तिथे तिने ओठ टेकले आणि चारही थेंब झाडात सोडले.

अळ्या एकेक करून खाली गळल्या. घावातून पांढरा चीक आला आणि घाव मिटला. वडाने एकदा पाने सळसळवली. राजबागेच्या कुंपणावरच्या जाईची एक कळी उमलली, मग शेजारची, मग तो वास भिंतीपलीकडे गेला आणि गावातून लोकांचा आवाज आला, आधी एकाचा, मग शेकडोंचा. चंद्र उगवला तेव्हा त्या राज्यात मिटलेली कळी राहिली नव्हती.

राजाने कोठारातले शेवटचे बियाणे पेरायला काढले, आणि त्या वर्षी कणसे भरली. धूम्रनाथ डोंगरावर आणखी पुष्कळ वर्षे जगला. धनेशाच्या मादीने ढोलीचे लिंपण फोडले आणि दोन पिल्ले बाहेर आली. कण्हेर तोडून टाकावी, असे दरबारात कुणी सुचवले. राजाने सोनकीकडे पाहिले आणि सोनकीने मानेनेच नकार दिला.

तिची जीभ बरी व्हायला महिना लागला. बोलता येऊ लागले त्या दिवशी तिने राहीचा हात धरला आणि दोघी बागेतून निघाल्या. हे पान चुरडून वास घ्यायचा. हे फळ पिकल्यावर खायचे, हिरवे नाही. याच्याजवळ लांब बाह्या घालून जायचे. हे कधीच तोंडात घालायचे नाही. राही प्रत्येक झाडापाशी थांबून ते पुन्हा म्हणून दाखवी आणि चुकली की सोनकी तिला मागे नेई.

कण्हेरीला नवी पाने फुटली होती आणि दोन पिवळी फुले आली होती. राहीने हात पुढे केला आणि स्वतःच मागे घेतला.

"हे?"

"हे नुसतं बघायचं."

"का?"

सोनकी झाडाखाली बसली. राहीला तिने मांडीवर घेतले. भानूचे नाव त्या घरात पाच वर्षांत कुणी घेतले नव्हते.

"राही," ती म्हणाली, "तुला एक भाऊ होता. त्याला या झाडाखाली खेळायला फार आवडे." आणि तिने मुलीला सारे सांगितले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न वगळता.

त्या राज्यात काटा परतला आणि फूलही परतले. तसे ऐकणाऱ्यांच्या कुंपणाला काटा राहो, आणि आत फूल राहो.